वॉशर मिस्त्रीची तुंबलेली कोंबडी

त्याला सगळी गल्ली वॉशर म्हणते. तोंडावर मिस्त्री, पाठ फिरली की वॉशर. त्यालाही ते ठाऊक आहे आणि आतून थोडं आवडतंही. नळ गळत असो, टाकी वाहत असो, गीझर घोरत असो, पिशवीतून पाना निघायच्या आधी तो मान तिरकी करतो, डोळे मिटून ऐकतो आणि सांगतो, "वॉशर गेलाय." बहुतेक वेळा ते खरं निघतं, कारण बहुतेक वेळा वॉशरच गेलेला असतो. पण एकच किल्ली चार कुलपांना लागली की माणूस पाचव्यालाही तीच घालतो आणि उघडलं नाही तर कुलपाला शिव्या देतो. पंखा बंद पडला, वॉशर. मेव्हण्याचा संसार मोडला, तेव्हाही "दोघांच्या मधे वॉशरच नव्हता, लोखंडावर लोखंड घासलं," असं हा म्हणाला होता. आणि खोटं कशाला बोला, नातेवाइकांनी जी काय कारणं शोधली त्यांत त्यातल्या त्यात शहाणपणाचं हेच होतं.

धंद्यात मात्र गडी पक्का. तुंबलेल्या सिंकपाशी बोलावलं की आधी घरच्या माणसांकडे फौजदारासारखा बघतो. वायर कुणी घातली, ॲसिड कुणी ओतलं, माझ्याआधी इथे कुणाचा हात लागलाय, ही उलटतपासणी झाल्याशिवाय तो खाली वाकत नाही. माणसं चाचरतात. नवरा बायकोकडे बघतो, बायको सासूकडे. मग व्याख्यान सुरू होतं. ज्याला कळतं त्याला आधी बोलवावं, अर्धवटाने हात घातला की घटकेचं काम दिवसाचं होतं, पोटात दुखलं तर तुम्ही स्वतःच्या पोटात वायर घालता का, वगैरे. लोक मान खाली घालून ऐकतात. पाणी घोट्याला लागलेलं असतं, वाद कोण घालणार.

हे व्याख्यान त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत येतं आणि चपलांशेजारी बाहेर थांबतं. आत त्याने आजवर दुसऱ्या कारागिराचा पाय लागू दिलेला नाही. सुतार तोच, वायरमन तोच, रंगारी तोच. म्हणून पुढचं दार जरा उचलून, मग ढकलून, मग गुडघ्याने हलका टोला देऊन उघडावं लागतं. न्हाणीघरातला दिवा लावला की स्वयंपाकघरातला पंखा फिरतो. कपाटाचा खालचा कप्पा उघडायला आधी वरचा उघडावा लागतो, आणि वरचा अडकलेला आहे. मागे दाढ दुखली तेव्हा त्याने आरशापुढे उभं राहून ती पकडीने स्वतःच काढली. काढल्यावर कळलं की दुखत होती ती शेजारची. बायको हे सांगते तेव्हा ऐकणारे हसतात. ती हसत नाही.

ही बायको बाइंडिंगच्या कारखान्यात पानं जुळवते. दिवसभर उभ्याचं काम, बोटांना कायम खळीचा वास. मुलगा आणि मुलगी आपापल्या संसाराला लागून लांब गेलेली. फोन करतात, बापाचा आवाज ऐकला की "आईला दे" म्हणतात. दुपार उतरली की ती घरी येते, मागच्या पायरीवर बसते आणि कुणाशी बोलत नाही. तेव्हा तिच्या मांडीत येऊन बसायची ती कोंबडी. लालसर, अंगाने भरलेली, एक बोट वाकडं. नाक्यावरच्या कोंबडीवाल्याच्या पिंजऱ्यातून निसटून ती थेट या घरात शिरली होती, कारण पुढचं दार तेव्हा उघडंच अडकून बसलं होतं. त्या दाराकडून घराला झालेला हा एवढाच फायदा. कोंबडीवाला न्यायला आला तेव्हा बायको वाटेत उभी राहिली. हललीच नाही. तो हात हलवत परत गेला. कोंबडी मात्र खोल्याखोल्यांतून अशी फिरली की जणू भाडेकरूंनी जागा नीट ठेवलीय का ते तपासतेय. तिचं नाव मालकीण पडलं. त्या घरात वॉशरने दुरुस्त न केलेली अशी ती एकच गोष्ट होती, आणि बायकोचा जीव तिच्यात का होता हे निराळं सांगायला नको.

वॉशरचा जीव होता मागच्या अंगणातल्या मोरीत. लोक पाहुण्यांना मुलांचे फोटो दाखवतात, हा मोरीचं झाकण उचलून दाखवायचा. उतार असा की भांडंभर पाणी सांडलं तर रेघ धरून जाळीपाशी पोचतं. तळाला कचऱ्याचा कण नाही. त्या मोरीचे दोन वैरी: वाळू आणि अंड्याचं टरफल. हॉटेलांची गटारं उघडून उघडून या दोघांशी त्याचं हाडवैर झालेलं. टरफल पाईपच्या तेलकट अंगाला चिकटतं, त्यावर वाळू बसते, त्यावर आणखी टरफल, आणि एक दिवस हॉटेलवाल्याचं स्वयंपाकघर तरंगायला लागतं. बायको आधी मालकिणीसाठी टरफलं कुटून वाळूत मिसळून अंगणात टाकायची. एका सकाळी वॉशरला जाळीत त्यातला चिमूटभर कचरा दिसला. त्याने ते बंद पाडलं, एवढंच नाही, तर उरलेल्या मातीवरही सिमेंट ओतून अंगण ताटासारखं गुळगुळीत करून टाकलं. बायको म्हणाली, कोंबडीला ते लागतं, आमच्या आईकडे घालायचे. वॉशर म्हणाला, तुझ्या आईकडे मोरी तरी होती का? आणि कोंबडी वाळूचं काय करणार, भिंत बांधणार?

बांधतच होती बिचारी. रोज एक छोटी, गोल, पांढरी भिंत. माल बंद झाल्यावर किती दिवस बांधेल? अंडी पातळ कवचाची यायला लागली. मग एक आलं त्याला कवचच नव्हतं, नुसतं कातडं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं. बायकोने ते तळहातावर ठेवून नवऱ्याला दाखवलं. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं, ते फुटलं, आणि हात पुसत तो म्हणाला, उष्णता. वॉशर गेलाय म्हणाला नाही, हेच नशीब.

मग मालकिणीने अंडी द्यायचं थांबवलं. खुराड्यात जायची, बसायची, ताण द्यायची, रिकामीच बाहेर यायची. पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून, सभेत मागच्या रांगेत जागा न मिळालेल्या माणसासारखी ताठ उभी राहायची. तुरा फिकट पडला. दाणे पुढे टाकले तर बघायची आणि नजर वळवायची. बायकोने तिच्या पोटाखाली हात घातला तर काहीतरी घट्ट, गरम लागलं. ती घाबरली. वॉशर खूश झाला. त्याच्या तोंडावर ते दिसलं, आणि बायकोला ते दिसलेलं पुढे बरेच दिवस विसरता आलं नाही. घरात अखेर त्याच्या धंद्यातलं काहीतरी बिघडलं होतं.

"चोकप आहे," तो म्हणाला. "आत्ता काढतो."

पाईपला कान लावायची त्याची एक लोखंडी कांब आहे. तिचं एक टोक त्याने कानाला लावलं, दुसरं मालकिणीच्या पोटाला. मालकिणीने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर माफी मागून उठला असता. हा ऐकत राहिला. मग त्याने बायकोला समजावलं, की तुंबलेली लाइन दोनच तऱ्हांनी सुटते, खालून ओढून नाहीतर वरून दाब देऊन. खालून ओढायला कोंबडी तयार नाही, तेव्हा वरून दाब. नाक दाबलं की तोंड उघडतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पोट भरू द्यायचं. भिजवलेल्या दाण्यांचे गोळे चोचीत कोंबायचे, वरून पाणी, आणि वाट सुटावी म्हणून एरंडेल. डोळ्यांत औषध घालायच्या नळीने त्याने इतकं एरंडेल पाजलं की मालकीण बसली त्या जागी डाग राहायला लागले.

शेजारी पोस्टातून निवृत्त झालेल्या मावशी राहतात. त्यांनी खिडकीतून बघून सांगितलं, अरे, गावाच्या त्या टोकाला जनावरांचा दवाखाना आहे, घेऊन जा तिला. वॉशरला ते झोंबलं. मावशींच्या घरचा नळ कुणी बसवला, टाकी कुणी बसवली, इथपासून त्याने सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, नळाने अंडं घातलं तर तुलाच बोलवीन. आणि खिडकी लावून घेतली.

त्याने सल्ला घेतलाच नाही असं नाही. तो नाक्यावरच्या कोंबडीवाल्याकडे गेला. का, तर गावात कोंबड्या आतून सगळ्यात जास्त त्यानेच पाहिल्यात. खोकला झाल्यावर तिरडी बांधणाऱ्याला विचारावं तसंच हे. कोंबडीवाल्याने सुरी पुसत पुसत सगळं ऐकलं आणि म्हणाला, गरम पाण्यात बसवा. नाहीच झालं तर इकडे आणा.

गरम पाणी हा एकच शहाणा सल्ला सगळ्या प्रकरणात त्याच्या कानावर पडला, आणि वॉशरने त्याचंही यंत्र केलं. घमेलं घेतलं. त्याला एका बाजूने गरम पाण्याचा पाईप, दुसऱ्या बाजूने थंड, मधे कॉक, वरच्या कडेला जास्तीचं पाणी जायला नळी, ती थेट मोरीत. पाणी कायम कोमट आणि कायम वाहतं. काम देखणं झालं, यात वाद नाही. मालकिणीला त्यात बसवलं तेव्हा तिने पहिल्यांदा डोळे मिटले, पिसं सैल सोडली. वॉशरने गल्लीतल्या चौघांना बोलावून दाखवलं. चौघांनी घमेल्याचं कौतुक केलं. कोंबडीकडे कुणी पाहिलं नाही, वॉशरनेही नाही. तिला बाहेर काढून पुसायचं राहून गेलं आणि ती वाऱ्यात कुडकुडत बसली.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. पंख जमिनीला टेकलेले, चोच उघडी, शेपूट श्वासागणिक वरखाली. वॉशरने बाह्या सरसावल्या. आता खालून दाबायलाच पाहिजे, तो म्हणाला, अंगठे असे दोन बाजूंनी लावून. तेवढ्यात मागच्या दारातून कोंबडीवाला डोकावला. सहज आलो होतो, म्हणाला. हातात रिकामी पिशवी होती.

बायकोने पिशवीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या अंगठ्यांकडे. कारखान्यात जायची तिची वेळ झाली होती. तिने भाजीची टोपली रिकामी केली, तळाला जुना टॉवेल घातला.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

"कुठे निघालीस?"

"ज्याला कळतं त्याच्याकडे."

एवढंच. पण संसारात काही वाक्यं अशी असतात की ती बोलणाऱ्यालाही आपण आत्ता काय बोललो ते बसस्टॉपवर पोचल्यावर कळतं. तिने मालकिणीला टोपलीत ठेवलं, पुढचं दार उचललं, ढकललं, टोला दिला आणि गेली. वॉशर घटकाभर रिकामे अंगठे घेऊन उभा राहिला. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून सायकलवर बसच्या मागे निघाला. पिशवी कशाला, हे त्याला विचारू नका. पिशवीशिवाय तो सासऱ्याच्या मयतालाही गेला नव्हता.

दवाखान्यात बाकावर एक शेळी, एक पट्टी बांधलेला कुत्रा आणि त्यांची माणसं होती. डॉक्टरीणबाई ठेंगणी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिने टोपली पाहिली आणि शेळीला थांबायला सांगितलं. मालकिणीला टेबलावर घेऊन तिने एका बोटाने पोट चाचपलं, मग ते बोट वर धरून त्याचा वास घेतला.

"हिच्या अंगात एवढं तेल कुणी घातलं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं वॉशरला वाटलं.

"वाट सुटावी म्हणून थोडं," तो म्हणाला.

"अंड्याची वाट तोंडातून सुरू होते, असं कुणी सांगितलं?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. आत अंडं अडकलंय, कवच मऊ आहे, अजून कुणी दाबलं असतं तर आतच फुटलं असतं आणि मग टोपली रिकामीच घरी न्यावी लागली असती, असं तिने सांगितलं. वॉशरने अंगठे मुठीत घेतले. मग तिने बायकोला विचारलं की खायला काय घालता, शिंपले, टरफलं, वाळू असलं काही मिळतं का हिला.

"आधी घालत होते," बायको म्हणाली.

"मग?"

"मोरी तुंबते म्हणून बंद केलं."

डॉक्टरीणबाईने वॉशरच्या पिशवीकडे पाहिलं. पाना बाहेर आलेला होता. "मिस्त्री, मोरी तुंबली तर तुम्हाला उघडता येते. तुम्ही मोरी वाचवली आणि कोंबडी तुंबवली. आता ही वाचेल की नाही, मला सांगता येणार नाही. तुम्ही बाहेर बसा. या थांबतील."

त्या बाकावर बसलेला वॉशर गल्लीने बघायला हवा होता. उजवीकडे शेळी, डावीकडे कुत्रा, मांडीवर हत्यारं. समोर दवाखान्याचा नळ ठिबकत होता. एरवी त्याने एव्हाना निदान सांगून टाकलं असतं. आज त्याने हात गुडघ्यांच्या मधे दाबून धरले. आत मालकीण एकदा ओरडली, मग आवाज आला नाही. शेळीवाल्याने विचारलं, तुमचं कोण आहे आत? बायको आणि कोंबडी, वॉशर म्हणाला. शेळीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली. दोघींपैकी आजारी कोण, हे विचारायचं त्याने टाळलं.

बायकोने मालकिणीला दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. इंजेक्शन झालं, कोमट पाणी झालं, मग डॉक्टरीणबाईने सुईने अंड्यातलं पाणी काढून घेतलं आणि कातडं सावकाश, न फाटता, बाहेर आणलं. पुरावा म्हणून बशीत ठेवलं. मालकीण डोळे मिटून पडली होती. मेली असं बायकोला वाटलं, आणि तेव्हाच तिने डोळा उघडला, आधी एक, मग दुसरा, आणि सवयीने खोली तपासायला लागली.

घरी न्या, पण जपा, डॉक्टरीणबाई म्हणाली. कॅल्शियमचं औषध द्या, टरफलं आणि वाळू आजपासून सुरू करा, काही दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, अंडी देईल न देईल त्याचा विचार सोडा. आणि हिला घरात एकाच माणसाचा हात लागू द्या.

"माझा," बायको म्हणाली. मग दाराकडे वळून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "तुम्ही हिला हात लावायचा नाही."

वॉशरने हूं केलं. हे हूं बायकोने इतक्या वर्षांत ऐकलेलं नव्हतं. एरवी त्याच्या हूंच्या मागून नेहमी "पण" यायचा.

गल्लीत मात्र दोन दिवसांत वेगळीच गोष्ट फिरायला लागली. घमेल्यातल्या कोमट पाण्याने वाट आधीच मोकळी झाली होती, डॉक्टरीणबाईने फक्त शेवटचं बोट लावलं, असं वॉशर चहाच्या टपरीवर सांगत होता. लोक होला हो म्हणत होते. वॉशरशी वाकडं घेऊन नळ कुणाकडून बसवायचा? एकट्या पोस्टाच्या मावशींनी विचारलं, मग ते शेवटचं बोट तू का नाही लावलंस? तेव्हा त्याला अचानक काम आठवलं.

घरात तो शब्द पाळत होता. त्याचं सगळं आयुष्य हात लावण्यात गेलेलं. घरात अशी एक वस्तू असावी जिला हात लावायचा नाही, हे त्याला जेवताना घास अडकल्यासारखं वाटायचं. बायको कामाला गेली की तो खुराड्यापासून चार हात लांब स्टूल टाकून बसायचा. अंडं येतंय का ते बघायचा. एक चांगलं कडक अंडं आलं असतं तर त्याचं तोंड पुन्हा उघडायला मोकळं झालं असतं. मालकीण अंडं काही देईना. औषध घ्यायची, टरफलं टिपायची, तुरा लाल व्हायला लागला होता, पण अंडं नाही. सिमेंटवर बायकोने ठेवलेल्या परातीतली वाळू तिने पायाने उडवली की दाणे उतारावरून घरंगळत जाळीपाशी जायचे. वॉशर ते घरंगळणं डोळ्यांनी शेवटपर्यंत पोचवायचा आणि गप्प राहायचा.

एका दुपारी ती कोपऱ्यातून स्वतःच बाहेर आली. उन्हात थांबली, पंख झटकले, अंगण तपासलं. मग चालत आली ती सरळ स्टुलापाशी, वॉशरच्या उजव्या पायावर चढली, दोन वेळा जागा नीट केली आणि बसली. कोंबडीला माणसाचा इतिहास ठाऊक नसतो. तिला पाय गरम लागला, बस.

वॉशर ताठ झाला. पाय काढावा तर ती पडेल. उचलावी तर हात लावायचा नाही. दोन्ही हात त्याने मांडीवर पालथे ठेवले आणि बसून राहिला.

तेवढ्यात पुढच्या दारावर दणके बसले. दार नेहमीच्या कसरती करून उघडलं आणि हॉटेलवाला घामाघूम आत आला. स्वयंपाकघरात पाणी भरलंय, पिठाची पोती भिजतील, चला.

"येता येत नाही," वॉशर म्हणाला.

हॉटेलवाल्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. माणूस धडधाकट होता, पिशवी भिंतीला टेकलेली होती. "का?"

"ही बसलीय."

"मग उचलून ठेवा की बाजूला."

"मला मनाई आहे."

हॉटेलवाला म्हणाला, मग मी उचलतो. तो वाकला तसं वॉशरचा आवाज चढला. आजवर त्याने हॉटेलवाल्याला कितीही झापलं असेल, असा आवाज काढला नव्हता. हिचं माणूस कामावरून येईल, ते उचलेल, तोवर पोती टेबलावर चढवा, असं त्याने सुनावलं. हॉटेलवाला गेला. जाताना गल्लीत त्याने हे किती जणांना सांगितलं ते संध्याकाळपर्यंत कळलंच.

बायको आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तिने मागच्या दारात उभं राहून पाहिलं: स्टूल, नवरा, नवऱ्याच्या पायावर मान पिसांत खुपसून झोपलेली मालकीण. तिने हात धुतले, बोटांची खळ काढली. चहा टाकला. कप घेऊन पायरीवर येऊन बसली.

"अगं, उचल ना हिला," वॉशर हळू आवाजात म्हणाला. "पायाला मुंग्या आल्यात. तिकडे हॉटेलवाला बुडतोय."

बायकोने चहाचा घोट घेतला.

"बसा तसेच," ती म्हणाली. "झोपलीय ती."